बास्तीलच्या आधीचे दहा आठवडे
फ्रेंच राज्यक्रांती म्हटली की विद्यार्थ्यांना 14 जुलै 1789 आणि बास्तीलचा तुरुंग आठवतो. त्या दिवशी तुरुंगात अवघे सात कैदी होते. लोक तिथे गेले ते मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी. क्रांती समजून घ्यायची तर त्याआधीचे दहा आठवडे मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

सोळाव्या लुईचा खजिना रिता झाला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीने कर्ज आणखी वाढले. नव्या करांना संमती हवी म्हणून राजाने 1614 नंतर प्रथमच ‘एस्टेट्स जनरल’ ही सभा बोलावली. 5 मे रोजी ती व्हर्सायला भरली. धर्मगुरू, सरदार-उमराव आणि उरलेली सारी प्रजा, असे तिचे तीन वर्ग. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी सुमारे 600, म्हणजे जवळपास इतर दोन वर्गांच्या बेरजेइतके. पण जुन्या रिवाजाने मत माणसाला नव्हते, वर्गाला होते. पहिले दोन वर्ग एक झाले की शेतकरी, कारागीर, वकील, व्यापारी कायमचे अल्पमतात. ज्यांना करांत सवलती, तेच कर ठरवणार!

या एकाच प्रश्नावर सभा कित्येक आठवडे अडून राहिली. अखेर 17 जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा घोषित केले. 20 जूनला सभागृह बंद दिसताच प्रतिनिधी जवळच्या बंदिस्त टेनिस कोर्टात जमले आणि राज्यघटना तयार होईपर्यंत न पांगण्याची शपथ त्यांनी घेतली. 27 जूनला राजानेच उरलेल्या दोन वर्गांना त्यांच्यात सामील व्हायला सांगितले.