संगणकाची नोकरी आणि प्रकृती

मुलाला किंवा मुलीला पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली की पगार किती, राहण्याची सोय काय, याची चौकशी घरोघर होते. ती जागा प्रकृतीला मानवेल का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

यातील अनेक कंपन्या सल्लासेवा देणाऱ्या असतात. त्यांची माणसे बँका, विमा कंपन्या, कारखाने अशा ग्राहकांसाठी काम करतात आणि पुष्कळदा बिल तासांच्या हिशेबाने लागते. माणसाचा वेळ हाच येथला विक्रीचा माल. त्यातून ग्राहक परदेशी असेल तर वेळेचे गणित आणखी बिघडते. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तेथील सकाळी नऊची बैठक म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. बैठक लांबली की जेवण आणि झोप दोन्ही पुढे जातात.

सतत झोप मोडल्याने चिडचिड वाढते, वजन वाढते, रक्तदाब व मधुमेहाला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

मग चांगली कंपनी कशी ओळखावी? चकचकीत इमारत, व्यायामशाळा, फुकट चहा-कॉफी यांवर जाऊ नये. ग्राहकाला काम पूर्ण करण्याची तारीख कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचारून तारीख ठरत असेल, तर रात्रीची जागरणे आपोआप कमी होतात. परस्पर कबूल केलेल्या तारखेची किंमत मात्र त्याच्या झोपेतून वसूल होते.

आणखी काही गोष्टी तेथे आधीपासून काम करणाऱ्यांकडून जाणून घ्याव्यात :

● रात्री उशिरा बैठक झाली तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा आहे का?

● रजेवर गेलेल्याचे काम सांभाळणारा दुसरा कोणी असतो का, की रजेतही फोन येतात?

● एक काम संपून दुसरे मिळेपर्यंतच्या काळात नवे शिकवतात, की नोकरी जाण्याची धास्ती घालतात?

● ‘एवढ्या दिवसांत जमणार नाही’ असे वरिष्ठांना निर्भयपणे सांगता येते का?

काळजी स्वतःही घ्यावीच. दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढून वीस सेकंद दूर पाहावे. तासाभराने उठून चार पावले चालावे. पाठीला आधार देणारी खुर्ची मागून घ्यावी. झोप न लागणे, छातीत धडधडणे, कामावर जाण्याची सतत भीती वाटणे अशा तक्रारी दोन-तीन आठवडे टिकल्या तर डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखू लागल्यास मात्र क्षणभरही थांबू नये.

पालकांनीही फोनवर पगारवाढीआधी झोपेची आणि जेवणाची विचारपूस करावी. ‘मला हे झेपत नाही’ असे मुलांना घरी तरी मोकळेपणाने सांगता आले पाहिजे.