हौसेची जुनी गाडी : हेराल्ड की फियाट?

रोह्याच्या एका गॅरेजवाल्या बंधूंनी आम्हाला विचारले, "जुनी हेराल्ड घेऊन तयार करावी की जुनी फियाट?" पेणच्या टिनकाम करणाऱ्या कारागिरांचाही हाच सवाल आहे. हौसेच्या गाड्यांना गिऱ्हाईक आहे. पण चुकीच्या गाडीत भांडवल अडकले तर ती वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी राहते.

दोन्ही गाड्या मूळच्या युरोपच्या. हेराल्ड इंग्लंडच्या ट्रायम्फची; १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती येथे बनवली. तिचीच चेसिस आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. फियाट इटलीची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून तिचे ११०० डी मॉडेल १९६४ पासून निघू लागले. पुढे तिचीच पद्मिनी झाली.

हेराल्डचे इंजिन ९४८ सीसी, फियाटचे १०८९. चार माणसे व सामान घेऊन सुकेळी खिंड चढायची तर फियाट कमी कुरकुरते. हेराल्ड मात्र २५ फुटांत वळते. बाजारपेठेच्या गल्लीत तिला तोड नाही. पण वेगात वळण घेताना पाय एकदम ॲक्सिलरेटरवरून काढला तर मागची चाके आत दुमडतात आणि गाडी मागून सटकते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावे.

खरी परीक्षा गंजाची. आपल्याकडचा पाऊस आणि खाडीची खारी हवा पत्र्याला सोडत नाही. हेराल्डला वेगळी चेसिस आहे, बॉडीचे भाग बोल्टने बसवलेले. बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटते. मेकॅनिकला याहून सुख नाही! सडलेला भाग सोडवून दुरुस्त करता येतो. मात्र गाडीखाली झोपून चेसिसचे बाजूला निघालेले हात ठोकून पाहावेत, आधी तेच सडतात. फियाटला वेगळी चेसिसच नाही. दाराखालचा पत्रा आणि फ्लोअर गेले की कणा गेला. लोहचुंबक फिरवावा; जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पुटी आहे असे समजावे.

फियाटचे पार्ट मिळतात, कारण पद्मिनी अनेक वर्षे मुंबईची टॅक्सी होती. शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. हेराल्डचे इंजिनाचे सामान स्पिटफायरच्या शौकिनांमुळे इंग्लंडहून मागवता येते. परंतु चार दारांची हेराल्ड फक्त हिंदुस्थानातच बनली. तिची मागची दारे इंग्लंडातही मिळायची नाहीत. तेव्हा अपुरी हेराल्ड स्वस्तात मिळाली तरी हात लावू नये. पुरी मिळाली तर ती दुर्मिळ, संग्राहक तिच्याच मागे जाईल. तयार करून लवकर विकायची असेल तर आमचे मत फियाटला.

एक सावधगिरी. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांवरील खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते; नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण चेसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि अशी गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. वरातीला भाड्याने देण्याच्या हिशेबाने कोणी या नोंदणीची गाडी घेत असेल तर त्याने तो बेत सोडावा. १९८० नंतरची पद्मिनी तर या नियमात आज बसतच नाही, विकणारा काहीही म्हणो. बयाणा देण्यापूर्वी चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून घ्यावा.