आधी विठोबा, मग द्राक्षमळा

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीतली एक शेजारीण मे महिन्यात वडिलांना घेऊन इटलीला जाऊन आली. तिने फोटो दाखवले. लांबलचक टेबलाशी बापलेक बसलेत, पुढे पाव, चीज आणि हातात लाल वाइनचे पेले. माझी आई तेव्हा आमच्याकडेच होती. फोटो बराच वेळ न्याहाळून म्हणाली, "दोघंही बसलेत. वाढायला कुणी उठायचं नाही. बरंय बाई!"

मैत्रिणींनो, आईची आजवरची सहल म्हणजे देवदर्शन, नाहीतर कुणाचे लग्न-बारसे. आता गुडघे दुखतात, पासपोर्ट नाही, कसली इटली! पण इटलीचा एक तुकडा तिच्याच माहेरच्या तालुक्यात आहे. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ मोटेवाडीला 'फ्रातेल्ली'चे द्राक्षमळे आहेत. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्या त्यासाठी एकत्र आल्या. वाइन करायला टस्कनीचे पिएरो मासी आले, आणि तिकडच्या किआंती वाइनचे सांजोव्हेसे द्राक्ष माळशिरसच्या मातीत लागले. इटलीत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे पावसात घड कुजतील, म्हणून छाटणी अशी धरतात की काढणी जानेवारी ते मार्चमध्ये व्हावी.

तुम्ही म्हणाल, मग अडचण कसली? अडचण होती माझ्या मामाची. मामा दारूने गेला. आमच्या घरात त्या शब्दालाच बंदी. त्यात सासूबाई! त्यांना मी फक्त "पंढरपूरला जातो" एवढेच सांगितले. खोटे नव्हते, पण अर्धेच खरे होते. आईला मात्र सगळे सांगितले. ती दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "येते. पण आधी विठोबा."

निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घेतले, कारण आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुमच्याकडेही वडीलधाऱ्यांना रक्तदाब, साखर किंवा झोपेची गोळी असेल तर हे आधी विचाराच.

दर्शन झाले, पंढरपूरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मळ्यावर पोचलो. भेट आधी ठरवून घेतली होती. वेलींच्या सरळ रांगा पाहून आई थबकली. "इथं बाजरीसुद्धा धड येत नव्हती गं," म्हणाली. वाकून माती हातात घेतली, चुरगाळून पाहिली.

जेवायला टोमॅटोचा पास्ता होता. आईने लसणाची चटणी मागितली नि तीही आली! सांजोव्हेसे आंबटसर असते, म्हणून टोमॅटोशी जमते. हेच तत्त्व आपल्या भरल्या वांग्यालाही लागू पडावे असे मला वाटते. आणखी एक सांगते. लाल वाइन गार करत नाहीत असे म्हणतात, ते इटलीतल्या थंड खोलीपुरते खरे. आपल्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच. गाडी चालवणाऱ्याने मात्र घोटसुद्धा घ्यायचा नाही. ह्यांनी लिंबू सरबतावर भागवले.

माझ्या पेल्याकडे आई बघत राहिली. मला वाटले, उगाच आणले हिला. पेला बाजूला सारणार, तोच तिने तो उचलला, वास घेतला आणि एक घोट घेतला. तोंड वाकडे करून म्हणाली, "तुरट आहे. जांभळासारखी." मग थोडी थांबून, "त्याचा वास असा नव्हता." मामाचे नाव तिने घेतले नाही, मीही नाही. आणखी दोन घोट घेतले नि पेला माझ्याकडे सरकवला.

पण जेवली किती सावकाश! माझे लग्न झाले तेव्हापासून आईला पहिल्या पंगतीला बसलेली मी पाहिली नव्हती. ताटे उचलायला ती दोनदा उठू लागली, दोनदा मी हात धरून बसवले. मग लहानपणचे सांगत बसली, मामाबरोबर विहिरीत पोहायची ते. हे मला कधी माहीतच नव्हते.

घरी परतल्यावर सासूबाईंनी प्रसाद मागितला. आईने चुरमुरे-बत्तासे त्यांच्या हातावर ठेवले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "विहीणबाई, येताना द्राक्षमळ्यात वाइनही चाखली हो."

माझा जीव खाली-वर! सासूबाईंनी बत्तासा तोंडात टाकला.

"गोड असते का?" त्यांनी विचारले.