किल्ली देण्यापूर्वीं

मुलगा दहावींत गेला, ओठांवर मिसरूड दिसूं लागली, कीं त्याची दृष्टि भिंतीवरील एका खिळ्याकडे वळूं लागते. त्या खिळ्यास स्कूटरची किल्ली टांगलेली असते. वडील "अजून वय झालें नाहीं" म्हणून नकार देतात; काका "कोपऱ्यापर्यंतच तर जायचें आहे" म्हणून हळूच होकार देतात; आणि आजी, घरांत विरजणाला दूध नाहीं एवढेंच पाहून, स्वतः किल्ली काढून नातवाच्या हातावर ठेवते. एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही पुष्कळ गातों व ते खरेही आहेत. परंतु एका किल्लीस चार धनी असणें हा त्याचा एक दोष आहे, आणि या एका बाबतींत तो जिवावर बेतूं शकतो. म्हणून मुलास गाडी कशी शिकवावी याच्या आधीं किल्ली कोणीं व केव्हां द्यावी, याचा निर्णय घरांतील सर्व वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून केला पाहिजे, असें आमचें सांगणें आहे.

कायदा काय म्हणतो, हें पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें मोटार चालविण्यास १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. १६ वर्षें झाल्यावर पालकांच्या संमतीनें दुचाकीचा परवाना मिळूं शकतो हें खरें. परंतु तो ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या, बिनगिअरच्या गाडीपुरताच. आपल्या दारांत उभी असलेली स्कूटर बहुधा ११० किंवा १२५ घनसेंटिमीटरची असते. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाचा परवाना तिला लागूच पडत नाहीं. २०१९ सालीं या कायद्यांत जी सुधारणा झाली, तिनें दोषाचा भार मोठ्यांच्या शिरावर ठेवला आहे. अल्पवयी मुलाच्या हातून या कायद्याखालील गुन्हा घडल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द होते. आणि मुलास वयाचीं २५ वर्षें पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. गाडी आजोबांच्या नांवावर असेल, तर जाब आजोबांना द्यावा लागतो, हें आमच्या वयाच्या वाचकांनीं विसरूं नये.

दंडाचें भय दाखविणें हा मात्र आमचा हेतु नव्हे. २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मेलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यांत कल्याणीनगरांत एका भरधाव मोटारीच्या धडकेनें दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असें पोलिसांचें म्हणणें होतें. त्यास जामीन देतांना घातलेल्या अटींमध्यें अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावा, अशीही एक अट होती. तीवरून देशभर संताप उसळला व पुढें तो आदेश बदलण्यांत आला. आम्हीं सारा जन्म मुलांकडून निबंध लिहवून घेतले; निबंधाची अवहेलना आमच्या हातून व्हावयाची नाहीं. परंतु निबंध हा परीक्षेपूर्वींचा अभ्यास होय. दोन घरांतील दिवे मालवल्यावर तो लिहून काय उपयोग?

अभ्यास कसा करून घ्यावा, याचा एक उत्तम पाठ महाभारतांतील विराटपर्वांत आहे. विराटाचा पुत्र उत्तर अंतःपुरांत स्त्रियांसमोर बढाई मारतो, कीं चांगला सारथी मिळाला तर कौरवांस एकटा जिंकून येईन. आणि प्रत्यक्ष सेना दिसतांच रथांतून उडी टाकून पळूं लागतो. बृहन्नडेच्या वेषांत त्याचें सारथ्य करणारा अर्जुन धांवत जाऊन त्यास धरतो. ध्यानांत घ्यावयाचें तें हें, कीं अर्जुन त्यास टाकून देत नाहीं. तो त्यास धीर देतो, घोड्यांचे लगाम त्याच्याच हातीं सोंपवितो, आणि आपण त्याच रथांत उभा राहतो. बढाई आणि भीति हीं दोन्ही या वयांत एकाच मुलाच्या ठायीं नांदतात. शिकविणारानें दोन्ही ओळखावीं, आणि लगाम दिल्यावर आपण रथांतून उतरूं नये.

कायद्याचाही रोख हाच आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून तीस दिवसांनीं पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. आणि तोंपर्यंत मोटारींत शेजारीं परवानाधारक जाणता माणूस बसलाच पाहिजे. तीस दिवस ही किमान मुदत आहे. परीक्षेची घाई न करतां सहाही महिने शिकण्याकडे लावावे, असें आम्ही सुचवितों.

शिकविण्याचें काम घरांतील सर्वांत शांत स्वभावाच्या माणसानें एकट्यानें करावें. मागच्या आसनावरून दुसऱ्यानें सूचना देऊं नयेत. पहिले धडे सकाळीं मोकळ्या मैदानावर, मग वस्तींतील शांत रस्ता, मग दिवसाची वर्दळ. रात्र, पाऊस आणि घाट हे सर्वांत शेवटीं. चालविण्यापेक्षां थांबविणें आधीं शिकवावें. आमच्या पुतण्याची मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर शिकूं लागली, तेव्हां मैदानावर चुन्यानें रेघ आंखून दिली, रेघेवर येतांच ब्रेक लावावयास सांगितलें, आणि गाडी थांबली तेथपर्यंतचें अंतर तिलाच पावलांनीं मोजावयास लावलें. प्रथम वेग ताशी २० किलोमीटर, नंतर ४०. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यानंतरचें अंतर दुप्पट नव्हे, सुमारें चौपट होतें, हें शास्त्राच्या पुस्तकांतील सूत्र तिला पाठ होतें; परंतु पावलें मोजून झाल्यावर ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

असेंच गणित मोबाइलचें मांडून दाखवावें. ताशी ४० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते. आलेला निरोप वाचण्यास तीन सेकंद लागले, तर ३३ मीटर रस्ता डोळे मिटून काटल्यासारखें झालें. पहिल्या पावसांत रस्त्यावरील तेल व धूळ यांचा निसरडा राप होतो, म्हणून तेव्हां वेग निम्मा असावा. उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडूं नये. खालच्या गिअरमध्यें उतरावें, कारण नुसत्या ब्रेकवर विसंबलें तर तो तापून दुबळा होतो. पुण्याकडे येतांना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठीं कुप्रसिद्ध आहे. तो मुलास दिवसाउजेडीं शेजारीं बसवून दाखवावा.

परंतु खरा अभ्यास याच्या पुष्कळ आधीं सुरू झालेला असतो. पांच वर्षांचें मूल स्कूटरवर पुढें उभें राहून सारें पाहत असतें. चौकांत पोलीस नसला कीं बाबा लाल दिवा ओलांडतात. वळसा वांचविण्यासाठीं काका उलट दिशेनें गल्लींत शिरतात. हेल्मेट आरशाला अडकविलेलें असतें. मोटारींत मागें बसलेल्यांना पट्टा म्हणजे अवडंबर वाटतें. तेरा वर्षें हा पाठ गिरविलेल्या मुलास अठराव्या वर्षीं तोंडानें नियम सांगून काय होणार? ज्या घरांत मुलगा अथवा मुलगी दहा वर्षांची आहे, त्या घरांतील मोठ्यांनीं आजपासूनच आपलें वर्तन सुधारावें.

किल्ली द्यावयाची वेळ येईल, तेव्हां ती एकाच व्यक्तीच्या हातून दिली जावी व तिच्याच हातीं परत यावी. आणि देतांना मुलास एक अभय द्यावें. पुष्कळ मुलें वेगानें येतात तीं हौसेनें नव्हे, तर "आठाच्या आंत घरांत पाहिजेस" या धाकानें. त्यास सांगावें, कीं बाळ, उशीर होत असेल तर गाडी कडेस उभी करून फोन कर. घरांत कोणी रागावणार नाहीं. मग तो साडेनऊला आला, तरी त्या रात्रीं आजोबांपासून काकांपर्यंत कोणींही आवाज चढवूं नये. पान वाढावें, आणि किल्ली खिळ्यावर ठेवून घ्यावी.