खनिजे आणि रात्रीची झोप

दिवसभर भांगलण करून अंग मोडून येते, तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अशी तक्रार आपल्याकडील आयाबहिणी पुष्कळदा करतात. कोणी ती काळजीवर ढकलतो, कोणी वयावर. आम्ही मात्र अशा वेळी आधी विचारतो, की ताटात काय असते?

झोपेची वेळ झाली हे शरीराला कळवणारे एक द्रव्य मेंदूतल्या भाताच्या दाण्याएवढ्या पिनिअल ग्रंथीत अंधार पडल्यावर तयार होते. त्याचे नाव मेलाटोनिन. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डॉ. अ‍ॅरन लर्नर यांनी १९५८ साली ते गाईबैलांच्या ग्रंथींतून वेगळे काढले. गंमत अशी, की ते त्वचारोगाचे डॉक्टर होते आणि शोध घेत होते कातडीच्या रंगाचा!

मेलाटोनिन आकाशातून पडत नाही. डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे यांतील प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो. त्याचे आधी सेरोटोनिन होते आणि सेरोटोनिनचे मेलाटोनिन. यातली पहिलीच पायरी ज्या विकराच्या बळावर चढायची, त्याला लोह लागते. पुढच्या पायरीला ब-६ जीवनसत्त्व हवे आणि त्या जीवनसत्त्वाला कामाला जुंपण्यासाठी मॅग्नेशियम वा जस्त हवे.

म्हणून खनिजे खाल्ली की लगेच झोप येईल काय? तसे म्हणता येणार नाही. इराणमध्ये ४६ वृद्धांवर केलेली एक चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम घेणाऱ्यांच्या रक्तात मेलाटोनिन वाढले व झोपही सुधारली. पण ४६ माणसे म्हणजे फार थोडी. ज्याच्या अंगात कमतरता आहे त्याला लाभ होईल, भरल्या कणगीत आणखी धान्य ओतून काय उपयोग?

लोहाचे मात्र आम्हांला आवर्जून सांगायचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोह कमी पडले की कित्येकांना रात्री अंथरुणाला पाठ टेकताच पायांत ओढ लागते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, उठून चार पावले चालले की बरे वाटते. गरोदर बाईला हा त्रास अधिक. याचे कारण मेलाटोनिनपेक्षा वेगळे आहे, पण झोप जाते ती जातेच. घरच्यांनी ‘नुसते नखरे’ म्हणून हसू नये. दवाखान्यात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा आटलेला असू शकतो.

आता ताटाकडे वळू. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणीत मॅग्नेशियम सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा थोडे अधिक असते, सडलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम वीस. भाकरी सोडून पांढऱ्या भाताला मोठेपणा देणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. धान्य-कडधान्यांतील फायटेट लोह व जस्त अडवून धरते. मटकी भिजवून मोड आणले, नाचणीची आंबील आंबवली, की ही अडवणूक कमी होते. पालेभाजीवर लिंबू पिळावे, भाजी लोखंडी कढईत करावी. जेवणाला लागून चहा नको, तासाभराने घ्यावा.

शेतकऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. जमिनीत जस्त कमी असेल तर दाण्यातही ते कमी उतरते. माती तपासून, कमतरता दिसली तरच झिंक सल्फेट द्यावे. बाजरी करणाऱ्यांसाठी अधिक लोहाचा ‘धनशक्ती’ वाण २०१२ पासून महाराष्ट्रात आला आहे. तो तयार करण्यात हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेचा वाटा आहे.

एवढे करूनही उशाशी मोबाईल उजळत राहिला तर ग्रंथीला अजून दिवसच आहे असे वाटते आणि मेलाटोनिन मागे हटते. मॅग्नेशियमच्या वा लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याच्या रक्तात मॅग्नेशियम साचून जिवावर बेतू शकते. लोहाच्या गोळ्या तर मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, कुलपात ठेवाव्यात.