नरक्या आणि कर्करोग
सह्याद्रीच्या दाट रानात वाढणाऱ्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं अल्कलॉइड असतं. ते प्रथम एका चिनी झाडातून वेगळं केलं, १९६६ साली, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, हे किती जणांना ठाऊक असेल!

पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सैल करणारं एक विकर असतं. कॅम्प्टोथेसिन त्याला डीएनएवरच अडकवून ठेवतं. धागे तुटतात, पेशी मरते. मूळ द्रव्य विषारी, पाण्यात जेमतेम विरघळणारं. म्हणून त्यात फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं बनली. पहिलं अंडाशयाच्या, दुसरं मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात. मागणीपायी रानात चोरटी तोड मात्र बेसुमार झाली. आणि कुणी सांगितलं म्हणून नरक्याचा काढा घरी करून पिऊ नका.