असिग्नात्सिया (रशियन कागदी चलन)

असिग्नात्सिया हे रशियन साम्राज्याचे पहिले कागदी चलन होय. सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनच्या कारकिर्दीत १७६९ मध्ये ते प्रचारात आले आणि १८४० च्या दशकात मागे घेतले जाईपर्यंत सुमारे पाऊण शतक टिकले.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात रशियात चांदीची टंचाई असल्याने तांब्याच्या नाण्यांचा मोठा वापर होई. एक पूद (सुमारे १६.४ किलोग्रॅम) तांब्यापासून १६ रूबलांची नाणी पाडली जात, त्यामुळे १०० रूबलांचे वजन १०० किलोग्रॅमहून अधिक भरे. करवसुली व दूरच्या व्यापारासाठी अशा रकमा गाड्यांतून वाहून न्याव्या लागत. तिसऱ्या पीटरने १७६२ मध्ये कागदी चलनाची योजना आखली होती, परंतु त्याच वर्षी तो पदच्युत झाला. १७६८ मध्ये तुर्कस्तानशी युद्ध सुरू झाल्यावर खर्चाच्या निकडीमुळे ही कल्पना पुन्हा पुढे आली.

प्रारंभ

सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को येथे प्रत्येकी ५ लाख रूबल भांडवलाच्या दोन बँका स्थापन झाल्या. आरंभी २५, ५०, ७५ व १०० रूबलांच्या नोटा निघाल्या. त्या देऊन बँकेतून नाणी घेता येत. मात्र व्यवहारात ही नाणी प्रामुख्याने तांब्याची असत. २५ च्या नोटेत फेरफार करून ७५ ची बनावट नोट तयार केली जाऊ लागल्याने १७७१ मध्ये ७५ रूबलांची नोट बंद करण्यात आली. १७८६ मध्ये दोन्ही बँकांचे एकत्रीकरण होऊन ५ व १० रूबलांच्या नोटाही निघाल्या.

अवमूल्यन

१७८६ मध्ये एकूण नोटांची मर्यादा १० कोटी रूबल ठरली होती. युद्धखर्चामुळे ती पाळली गेली नाही. १७९६ पर्यंत ही रक्कम १५ कोटींवर, तर १८१७ पर्यंत ८३ कोटींवर गेली. नेपोलियनने १८१२ च्या स्वारीत बनावट नोटाही पसरविल्या. पुढे चांदीच्या एका रूबलासाठी कागदाचे सुमारे चार रूबल मोजावे लागत. ठरावीक पगारावर जगणाऱ्या नोकरवर्गाला याची झळ विशेष बसली.

अखेर व महत्त्व

अर्थमंत्री कान्क्रिन यांच्या सुधारणेने १८३९ मध्ये कागदाचे साडेतीन रूबल म्हणजे चांदीचा एक रूबल, असा दर निश्चित झाला. अर्थात, कागदी रूबलाचे मोल चांदीच्या २९ कोपेकांहूनही कमी उरले. १८४३ पासून त्यांच्या जागी नव्या पतनोटा आल्या. असिग्नात्सियेमुळे पैशाची ने-आण सुकर झाली. परंतु शासनाला कर न वाढविता खर्च भागविण्याचा मार्गही मिळाला, आणि त्याची किंमत अखेरीस नोटधारकांनी चुकविली.